चाकोरी

खेड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना चाकोरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पावसाळा सरला, चिखल वाळला, की गाडीवाटेवर दोन खोल घळी उमटलेल्या दिसतात. बैलगाडीची चाके त्यांत उतरली की गाडीवानाने खुशाल डुलकी काढावी. बैलही वाट सोडीत नाहीत आणि चाकेही. पण त्या वाटेवर एखादी परमुलखातली गाडी आली आणि तिच्या दोन चाकांतले अंतर चार बोटांनी कमीजास्त असले, तर मग पाहावे! एक चाक घळीत, दुसरे उंचवट्यावर, गाडी कलती, आणि गाडीवानाच्या तोंडी जे शब्द येतात ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नसतात.

आगगाडीचा सारा इतिहास मला या चाकोरीच्या भांडणासारखा वाटतो. इंजिनाचा शोध कुणी लावला, पहिली गाडी कुठून कुठे धावली, हे आपण शाळेत पाठ करतो. पण दोन रुळांत अंतर किती ठेवायचे या साध्या प्रश्नावर राज्यकर्ते, इंजिनियर, व्यापारी आणि हमाल सुमारे दोनशे वर्षे भांडत आले आहेत, हे त्या पाठांत येत नाही. खरे म्हणजे गंमत त्या भांडणातच आहे.

आज जगातल्या निम्म्याहून अधिक लोहमार्गांवर दोन रुळांतले अंतर ४ फूट ८॥ इंच असते. हे अर्ध्या इंचाचे शेपूट कुठून आले असे विचारले की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. रोमन लोकांचे रथ दोन घोड्यांचे, त्या दोन घोड्यांच्या पुठ्ठ्यांइतकी रथाची रुंदी, रथांच्या चाकोऱ्या इंग्लंडच्या रस्त्यांवर उमटल्या, त्याच चाकोऱ्यांत पुढे गाड्या आल्या आणि त्या गाड्यांवरून रूळ! गोष्ट मोठी चटकदार आहे आणि जेवणाच्या पंगतीत सांगायला उत्तम. पण रोमन साम्राज्य आणि पहिले इंजिन यांच्यात दीड हजार वर्षांच्या घरातले अंतर आहे, आणि त्या काळात इंग्लंडमधल्या गाड्या सरसकट एका मापाच्या होत्या असेही नाही. या गोष्टीत खरे एवढेच, की माप ठरले ते घोड्यामुळे. पण तो घोडा रोमन सेनापतीचा नव्हता; कोळशाच्या खाणीवर राबणारे ते एक गरीब जनावर होते.

इंग्लंडच्या ईशान्य भागात टाइन नदीच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या. खाणीतून निघालेला कोळसा नदीवरच्या धक्क्यापर्यंत न्यायचा, तर पावसात रस्त्यांचा चिखल होई. म्हणून लाकडाचे, पुढे लोखंडाचे रूळ टाकून त्यांवरून घोड्यांकडून वाघिणी ओढवीत. एका घोड्याला ओढता येईल एवढी वाघीण, आणि त्या वाघिणीला पुरेल एवढी रुळांची रुंदी, असा हा सरळ हिशेब. ज्याच्या त्याच्या खाणीवर जो तो आपल्या सोयीचे माप धरी. कुठे चार फूट, कुठे पाच, कुठे मधलेच काही. किलिंगवर्थच्या खाणीवर ते ४ फूट ८ इंच होते.

आता याच किलिंगवर्थच्या खाणीवर जॉर्ज स्टीफन्सन नावाचा एक यंत्रावरचा माणूस नोकरीला होता, हा इतिहासाचा योगायोग. अठरा वर्षांचा होईतो त्याला लिहितावाचता येत नव्हते. १८१४ साली त्याने आपले पहिले इंजिन बांधले ते या खाणीवरच्या रुळांसाठी. तेव्हा त्या इंजिनाची चाके त्या रुळांना बसतील अशीच असणार. पुढे १८२५ साली स्टॉक्टन ते डार्लिंग्टन हा मार्ग त्याच्या देखरेखीखाली झाला, तिथेही त्याने तेच माप नेले. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर हा मोठा मार्ग सुरू झाला. चाकांच्या कडांना रुळांशी जरा मोकळीक हवी म्हणून मध्यंतरी त्यात अर्धा इंच वाढला होता. झाले, ४ फूट ८॥ इंच! यात ना काही शास्त्र होते, ना कुणा विद्वानांची समिती. घरातली जुनी पाटी-पेन्सिल धाकट्याला द्यावी तसे एका खाणीचे माप दुसऱ्या मार्गाला मिळत गेले.

मात्र स्टीफन्सनला एक गोष्ट इतरांच्या आधी उमगली होती. वेगवेगळ्या गावांचे लहान लहान लोहमार्ग आज एकमेकांपासून दूर असले तरी एक दिवस ते जोडले जाणार, म्हणून सगळ्यांची रुंदी एक ठेवा, असा त्याचा आग्रह असे. अक्षरशत्रू म्हणून वाढलेल्या या माणसाची दूरदृष्टी पाहिली की मोठमोठ्या पदवीधरांचा विसर पडतो.

पदवीधर नव्हे, पण विद्येत आणि घराण्यात स्टीफन्सनहून कितीतरी वरचढ असा एक माणूस आता रंगभूमीवर येतो. इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल. बाप नामांकित इंजिनियर, स्वतः बुद्धिमान, हौशी आणि हट्टी. १८३३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लंडनहून ब्रिस्टलला जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा तो मुख्य इंजिनियर झाला. खाणीतल्या घोड्याचे माप आपण काय म्हणून घ्यावे, असा त्याचा सवाल होता. आणि तो सवाल, नि:पक्षपातीपणे पाहिले तर, अगदी रास्त होता. इंजिन मोठे हवे, त्याचा वेग मोठा हवा, प्रवाशांना हादरे बसता कामा नयेत, तर पाया रुंद हवा. त्याने आपल्या रुळांत पुरते ७ फूट अंतर ठेवले (पुढे त्यालाही मोकळिकीसाठी पाव इंचाचे शेपूट जोडावे लागले!). १८३८ साली या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि १८४१ साली लंडनची गाडी थेट ब्रिस्टलला जाऊ लागली. ती अशी काही धावे की बाकीच्या कंपन्यांचे लोक तोंडात बोट घालीत.

दोन मापे आपापल्या मुलखात सुखाने नांदत होती तोवर काही बिघडले नाही. १८४४ साली ती ग्लॉस्टरला समोरासमोर आली. एका बाजूने बर्मिंगहॅमची अरुंद मापाची गाडी, दुसऱ्या बाजूने ब्रिस्टलची सात फुटी. पुढे जायचे तर प्रत्येक उतारूने बोचकी घेऊन उतरावे आणि समोरच्या गाडीत जागेसाठी धाव घ्यावी. माणसांचे एक वेळ ठीक, त्यांना पाय असतात. पण माल? एका वाघिणीतला प्रत्येक डाग हमालाने उचलायचा आणि दुसऱ्या वाघिणीत नेऊन रचायचा. काचसामान फुटे, विटा मोडत, गठ्ठे चुकत, गुरे बिथरत. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने १८४६ साली या गोंधळाचे चित्र छापले. अशीही एक आख्यायिका सांगतात, की पार्लमेंटची मंडळी पाहणीला येणार असे कळल्यावर तिथल्या मालविभागाच्या एका अधिकाऱ्याने, आधीच भरून तयार झालेल्या दोन गाड्या मुद्दाम पुन्हा रिकाम्या करायला लावल्या. पाहुण्यांना गोंधळ कमी दिसायला नको! सरकारी पाहणीच्या वेळी देखावा उभा करण्याची कला आपल्याकडेच जन्मली असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१८४५ साली सरकारने तीन जणांची चौकशी समिती नेमली. त्यांतला एक तर जॉर्ज एअरी, राजघराण्याचा ज्योतिर्विद. शर्यती लावण्यात आल्या. ब्रुनेलच्या बाजूने 'इक्सिऑन' नावाचे इंजिन ऐंशी टनांची गाडी घेऊन ताशी साठ मैलांपर्यंत गेले. समोरच्या पक्षाची इंजिने त्याच्या जवळपासही आली नाहीत; त्यांतले एक तर रूळ सोडून उलटले. निकाल काय लागावा असे वाटते? समितीने मान्य केले की वेगात आणि स्थैर्यात रुंद माप सरस आहे. आणि मग शिफारस केली अरुंद मापाची! कारण साधे होते. देशात अरुंद मापाचे मार्ग सुमारे १९०० मैल झाले होते आणि रुंद मापाचे पावणेतीनशे मैलदेखील जेमतेम. कुणी तरी बदलायला हवे, तर ज्याचे थोडे आहे त्याने बदलावे. १८४६ साली कायदा झाला आणि नव्या उतारू मार्गांसाठी ग्रेट ब्रिटनमध्ये ४ फूट ८॥ इंच हे माप ठरले. आयर्लंडला मात्र ५ फूट ३ इंच. ग्रेट वेस्टर्नच्या मुलखाला सवलतही ठेवली. इंग्रजांचे कायदे असेच असतात. दार लावतात आणि खिडकी उघडी ठेवतात.

मला या ठिकाणी ब्रुनेलची बाजू घ्यावीशी वाटते. त्याचे गणित चुकले नव्हते. परीक्षेत त्याचे इंजिन पहिले आले होते. हरला तो एकाच कारणाने: तो उशिरा आला आणि एकटा आला. पण ग्लॉस्टरच्या धक्क्यावर ज्याच्या कपबशा फुटल्या त्या व्यापाऱ्याला विचारले असते तर त्याने म्हटले असते, साहेब, तुमचा वेग तुम्हांला लखलाभ; माझा माल न उतरवता घरी पोचवा.

सात फुटी मार्ग तरीही सेहेचाळीस वर्षे तग धरून राहिला. काही ठिकाणी तिसरा रूळ टाकून दोन्ही मापांच्या गाड्या एकाच वाटेवरून नेण्याची युक्ती केली. सांध्यांची जी गुंतागुंत होई ती पाहून सांधेवाल्यांची कीव यावी. ब्रुनेल १८५९ साली वारला. शेवट आला तो १८९२ सालच्या मे महिन्यात. २० मे रोजी लंडनहून पेन्झन्सला शेवटची सात फुटी गाडी सुटली. तिच्यामागून रुंद मापाची सारी इंजिने आणि डबे स्विंडनच्या कारखान्याकडे नेण्यात आले. तिथे त्यांना उभे करण्यासाठी मैलोगणती जादा रूळ आधीच टाकून ठेवले होते. मग शनिवार-रविवार अशा दोन दिवसांत चार हजारांहून अधिक माणसांनी १७१ मैलांचा मार्ग पहारींनी सरकवून अरुंद केला. कामाच्या जागीच त्यांच्या झोपण्याची सोय होती. दारूऐवजी ओटचे पीठ कालवलेले पाणी प्यायला दिले जाई. सोमवारी सकाळी गाड्या नव्या मापावर धावू लागल्या. स्विंडनला उभ्या राहिलेल्या इंजिनांपैकी काहींची चाके बदलली, बाकीची मोडीत निघाली.

अमेरिकेतही असाच एक पराक्रम त्याआधी, १८८६ साली झाला. दक्षिणेकडच्या संस्थानांत पाच फुटी मार्ग होते. अकरा हजार मैलांहून अधिक लांबीच्या त्या जाळ्यावरचा एकेक रूळ ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत तीन इंच आत घेण्यात आला. नवे खिळे आधीच ठोकून ठेवले होते. रशियाने मात्र आपले पाच फूट सोडले नाहीत. १९४१ साली जर्मन सैन्य आत घुसले तेव्हा त्यांना आपल्या गाड्या पुढे नेण्यासाठी रूळ सरकवीत सरकवीत जावे लागले. ऑस्ट्रेलियात तर शेजारशेजारच्या दोन वसाहतींनी दोन मापे धरली आणि सिडनीहून मेलबर्नला जाणाऱ्यांना अल्बरी येथे भर रात्री गाडी बदलावी लागे. १८९५ साली मार्क ट्वेनवर हा प्रसंग आला आणि त्या विनोदी लेखकाने पुढे त्यांची चांगलीच खरड काढली. हा भेद त्या मार्गावरून गेला तो १९६२ साली.

आता आपल्याकडे वळू. ग्लॉस्टरच्या गोंधळाचे दिवस होते तेव्हा लंडनमध्ये व्यापारखात्याचा कारभार लॉर्ड डलहौसीकडे होता. रेल्वेच्या अर्जांचे डोंगर त्याच्या टेबलावरून गेले होते. तोच डलहौसी १८४८ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल होऊन आला. संस्थाने खालसा करणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, आणि साताऱ्याची आठवण असलेल्या मराठी माणसाला त्याचे नाव गोड लागण्याचे कारण नाही. परंतु रुळांच्या बाबतीत त्याचे डोके स्वच्छ होते. माप कोणतेही घ्या, पण साऱ्या देशाला एकच घ्या. विलायतेत झाली ती चूक इथे नको, असे त्याने बजावले. कंपनीच्या संचालकांच्या मनात विलायती ४ फूट ८॥ इंच होते. सरकारचा सल्लागार इंजिनियर सिम्स याने साडेपाच फूट सुचवले. डलहौसी म्हणाला, मग सहाच का नको? अखेर तडजोड साडेपाच फुटांवर झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी चारशे पाहुण्यांना घेऊन ठाण्याला निघाली ती या साडेपाच फुटी रुळांवरून. म्हणजे ब्रुनेल ज्यासाठी झगडला ते रुंद माप, सातातले दीड वजा करून का होईना, हिंदुस्थानात आले आणि टिकले.

एकच माप, हा डलहौसीचा नियम मात्र वीस वर्षेही टिकला नाही. साडेपाच फुटी मार्ग फार खर्चाचे पडू लागले. खासगी कंपन्यांना सरकारने नफ्याची हमी दिलेली, तेव्हा उधळपट्टीला लगाम नाही आणि तूट भरायची रयतेच्या तिजोरीतून. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना १८७० साली सरकारने स्वस्तातले मार्ग बांधायचे ठरवले. अरुंद रूळ म्हणजे हलके पूल, कमी भराव, आखूड वळणे. समितीतल्या जाणकारांत कुणी पावणेतीन फुटांच्या बाजूचा, कुणी साडेतीन फुटांच्या. मेयोने मधले ३ फूट ३ इंच धरले, आणि देशात मेट्रिक मापे येऊ घातली होती म्हणून त्याला आणखी थोडे ओढून बरोबर एक मीटर केले. पुढची गंमत अशी, की मेट्रिक मापांचा तो बेत कागदावरच राहिला. आपल्या बाजारात मीटर आणि किलो आले ते १९५६ च्या कायद्यानंतर. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे या देशात वार, गज, शेर आणि मण चालत होते, आणि त्यांच्या मधून एकटा मीटर रुळांवरून फिरत होता!

सरहद्दीच्या बाजूला लष्कराने आरडाओरड केली. लाहोरहून पेशावरकडे जाणाऱ्या मार्गावर मीटरगेज घातले होते. तोफा आणि घोडे वाटेत उतरवून घेण्याची वेळ युद्धात परवडणार नाही, म्हणून ते काढून ब्रॉडगेज केले. लष्कराची गैरसोय सरकारला चटकन कळते. दुष्काळात धान्याची पोती वाटेत उतरवून पुन्हा चढवावी लागतात, ही गैरसोय कळायला अधिक वेळ लागतो.

१८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाने दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक होरपळून निघाले. त्यानंतर दुष्काळनिवारणाच्या हेतूनेच १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे निघाली, तीही मीटरगेजची. पुण्याहून साताऱ्याच्या बाजूने मिरज, बेळगाव असा तिचा मार्ग झाला. कोल्हापूर दरबारने १८९१ साली आपला फाटा मिरजेला आणून जोडला. पण मुंबईचा ब्रॉडगेज पुण्यापर्यंत आणि पुढे मीटरगेज! कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद पुण्याला येऊन उतरे आणि पुन्हा चढे. हे १९७१ पर्यंत चालू होते.

मिरजेचे भाग्य याहूनही थोर. बार्शी हे कापसाचे आणि धान्याचे मोठे पेठेचे गाव, पण मुंबई-सोलापूर मार्ग त्याला बाजूला टाकून गेला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने हे हेरले आणि १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अवघ्या अडीच फूट रुंदीची गाडी सुरू केली. हा माणूस नॅरोगेजचा भक्तच म्हणावा. इंजिनाचे असो की वाघिणीचे असो, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, आणि सगळ्या आसांवर सारखा भार हवा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जातो, हे त्याचे तत्त्व. बार्शीच्या अनुभवावर त्याने पुढे विलायतेत लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली छोटी रेल्वे १९०४ साली उभी केली. मोठ्या मापाची अख्खी वाघीण पाठीवर घेऊन जाणारे सपाट डबे तिथे वापरले. माल उतरवायलाच नको! (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्याची एक हवाई छत्रीही बनवली, हे जाता जाता.) बार्शीतला प्रयोग विलायतेने उचलावा ही गोष्ट बार्शीकरांनी अधिक अभिमानाने सांगायला हवी असे मला वाटते.

बार्शी लाईट १९०६ साली पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. आषाढीच्या दिवसांत कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरलेले वारकरी टाळमृदंग सावरीत या लहान गाडीत शिरत. तिचे डबे पाहिले की जत्रेतल्या पाळण्याची आठवण होई. पण विठोबापर्यंत नेणाऱ्या गाडीची रुंदी कोण मोजतो?

१९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मिरजेत एकाच स्टेशनात तिन्ही मापे नांदू लागली: पुण्याकडे साडेपाच फूट, बेळगावकडे एक मीटर, पंढरपूरकडे अडीच फूट. माझे आजोळ मिरजेचे, त्यामुळे हा त्रिवेणी संगम मी लहानपणी डोळे भरून पाहिला आहे. थोरले मामा एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. सुटीत ते मला मालधक्क्यावर घेऊन जात. एका बाजूला लहान वाघीण, दुसऱ्या बाजूला मोठी, आणि मधून पाठीवर पोते घेतलेल्या हमालांची रांग. शेंगांची पोती, गुळाच्या ढेपा, मिरच्या. मिरच्यांच्या दिवशी सारा धक्का शिंकत असे. मामांच्या वहीत एक वेगळा रकानाच होता, 'मार्गात तूट' असा. फुटलेल्या ढेपेचे पैसे कधी कुणी भरून दिल्याचे त्यांना आठवत नव्हते. मी एकदा विचारले, "मामा, हे रूळ सगळे सारखेच का नाही करत?" मामांनी रांगेकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "कर की बाबा. पण मग ह्यांना आधी विचार."

धक्क्यावरचा तुकाराम नावाचा म्हातारा हमाल हे ऐकून हसला. "धाकटे मालक, तुम्ही मोठं झाल्यावर करा सारखं," तो म्हणाला. "तवर आमची पोरं शिकून कुठंतरी लागत्याल." मामा हसले नाहीत. वहीत डोके घालून बसले.

तुकारामला अमेरिकेतले ईरी गाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्या गावकऱ्यांना त्याचे म्हणणे नीट समजले असते. तिथे दोन मापांचे मार्ग मिळत. उतारूंना गाडी बदलावी लागे, मालाची चढउतार होई, आणि थांबलेल्या लोकांना खाणे विकून गावाची गुजराण चाले. १८५३ साली कंपन्यांनी माप एक करायचे ठरवले तेव्हा गावकऱ्यांनी, खुद्द नगराध्यक्ष पुढे होऊन, रूळ उखडले आणि पूल मोडले. कडाक्याच्या थंडीत उतारूंना मधले काही मैल घसरगाड्यांतून काढावे लागले. बाहेरच्या लोकांनी या लढ्याला भुईमुगाच्या शेंगांचे युद्ध म्हणून हिणवले, कारण शेंगा विकणाऱ्यांच्या गल्ल्यासाठी हे चालले आहे असे त्यांचे म्हणणे. युद्धाचा शेवट काय झाला हे सांगायला नको. रूळ एक झाले. पण ज्याची चूल विझणार त्याच्या बाजूने ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते, एवढे मिरजेच्या धक्क्यावर उभा राहिलेला माणूस सांगू शकेल.

१९९२ साली आपल्या सरकारने देशभर एकच माप करण्याची योजना हाती घेतली. डलहौसीचे म्हणणे एकशेचाळीस वर्षांनी पुन्हा वर आले म्हणायचे. मनमाड-औरंगाबाद, मिरज-लोंढा, गोव्याची मुरगावची वाट, एकामागून एक मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाले. १९९८ साली पुरी झालेली कोकण रेल्वे तर जन्मतःच ब्रॉडगेजची. नेरळहून माथेरानला जाणारी १९०७ सालची दोन फुटी गाडी तेवढी डोंगराच्या कृपेने वाचली. त्या वळणांवर दुसरे काही मावतच नाही. आणि ज्या ४ फूट ८॥ इंचाला आपण १८५३ साली दारातून परत पाठवले होते, ते मेट्रोच्या रूपाने मागच्या दाराने घरात आले आहे. दिल्लीच्या मेट्रोचे पहिले मार्ग ब्रॉडगेजचे होते; पण मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचे २०१४ साली उद्घाटन झाले ते या खाणीतल्या मापावर. नागपूर आणि पुण्याच्या मेट्रोही त्याच मापाच्या. जगाचे कारखाने ज्या मापाचे डबे तयार ठेवतात ते घ्यावे, हा त्यामागचा हिशेब. ग्लॉस्टरच्या समितीचा हिशेबही याहून वेगळा नव्हता.

बार्शी लाईट या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने मोठी झाली. आधी पंढरपूर, मग लातूर, शेवटी मिरज. जुन्या गाडीच्या आठवणीने हळहळणारे पुष्कळ होते, मीही होतो. मालधक्क्यावरची हमालांची ती रांग तर त्याआधीच ट्रकांनी पांगवली होती.

मग २०१६ साल उजाडले. लातूरला पाऊस सलग दगा देत गेला होता. नळ कोरडे, टँकरच्या रांगांवर जमावबंदी पुकारण्याची पाळी. कृष्णेचे पाणी मिरजेत होते. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे कारखान्यात तेल वाहणाऱ्या टाक्यांच्या वाघिणी वाफेने धुऊन काढल्या आणि मिरजेला आणल्या. तिथे त्या पाण्याने भरल्या. ११ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन सुटली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी कॅलथ्रॉपच्या वाटेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालत १२ तारखेच्या पहाटे लातूरच्या स्टेशनात उभी राहिली. कोट्यापासून लातूरपर्यंत त्या वाघिणींची चाके कुठेही बदलावी लागली नाहीत. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, एकेका खेपेला पंचवीस लाख लिटर. आणि पाऊस येऊन स्थिरावेपर्यंत त्या येत राहिल्या.